घरची पुंजी आणि तिची फेरमांडणी



पावसाळ्यात गोदावरीला पाणी चढले म्हणजे विष्णुपुरीच्या बंधाऱ्यावर काय चालते, हे नांदेडकडच्या माणसाला सांगायला नको. वरून जायकवाडीचे पाणी सुटते, पूर्णेच्या अंगाने येलदरी-सिद्धेश्वरचे येऊन मिळते आणि इकडे एकेक दरवाजा वर उचलला जातो. जलाशय रिता व्हावा म्हणून कोणी दरवाजे उघडत नाही. हेच पाणी पुढे उन्हाळ्यात नांदेड शहराला प्यायला लागते, उपसा होऊन रानाला लागते. पण जलाशयाची एक पातळी ठरलेली असते. पाणी तिच्यावर जाऊ लागले की जास्तीचे सोडायचे, खाली असले की अडवायचे. भरपूर आले म्हणून हरखून साठवत बसले तर काय होईल, ते नदीकाठच्या वस्त्यांना विचारा.

घरच्या पुंजीलाही अशी एक रेघ आखून द्यावी लागते, आणि अधूनमधून एका वाट्यातले जास्तीचे काढून कमी पडलेल्या वाट्यात घालावे लागते. शहरातले गुंतवणूकदार याला रिबॅलन्सिंग म्हणतात. आपण फेरमांडणी म्हणू. ती केव्हा करावी आणि कशी करावी, एवढाच आजचा विषय आहे.

तुमच्यातले काही जण म्हणतील, "साहेब, पुंजी असेल तर मांडायची ना!" पण जरा घरात नजर फिरवा. पोस्टात मुलीच्या नावाचे सुकन्या खाते आहे. आडत्याच्या पट्टीतून चार पैसे उरले होते, त्यांची बँकेत मुदत ठेव आहे. दसऱ्याला नांदेडच्या सराफ्यातून घेतलेले एखादे नाणे कपाटात आहे. गुरुजींच्या पगारातून दरमहा दोन-तीन हजार म्युच्युअल फंडात जातात. हीच पुंजी. ती एका कागदावर कधी मांडली गेली नाही, एवढेच.

मांडली म्हणजे तिचे तीन वाटे दिसतात. पहिला सुरक्षित वाटा: बँकेची ठेव, पोस्टाची बचत, भविष्य निर्वाह निधी. तो हळू वाढतो, पण मोडत नाही. दुसरा चढउताराचा वाटा, म्हणजे शेअर्स आणि शेअर्सचे म्युच्युअल फंड. लांबच्या मुदतीत तो चांगला वाढत आला आहे, पण मधल्या एखाद्या वर्षी निम्मा होऊन बसतो. जानेवारी २००८ मध्ये मुंबई बाजाराचा सेन्सेक्स एकवीस हजारांवर जाऊन आला होता. मार्च २००९ मध्ये तो साडेआठ हजारांच्याही खाली होता. तिसरा वाटा सोन्याचा. त्याची चाल या दोघांहून निराळी. शेतजमीन आणि राहते घर मी या हिशेबात धरत नाही. विद्यापीठाच्या परिसरात पुष्कळांनी प्लॉट घेऊन ठेवले आहेत, तेही धरत नाही. कारण प्लॉटचा एक कोपरा विकून ठेवीत घालता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. वाटे एकदा ठरवले म्हणजे काम संपले, असे होत नाही. ते आपणहून सरकत राहतात. जो वाटा वेगाने वाढतो तो बाकीच्यांना झाकून टाकतो, आणि हे सगळे आनंदाच्या काळात घडते, म्हणून ध्यानात येत नाही.

याचे आपल्या देशातले ठळक उदाहरण जुन्या शिक्षकांना आठवत असेल. युनिट ट्रस्टची १९६४ सालची युनिट योजना. जुलै १९६४ मध्ये दहा रुपयांच्या युनिटाने ती सुरू झाली. मास्तर, कारकून, पेन्शनर मंडळी तिला बँकेच्या ठेवीची सख्खी बहीण समजत. आरंभी तिच्यात कर्जरोख्यांसारख्या निश्चित उत्पन्नाच्या कागदांचा मोठा भाग होता. १९९० नंतर मात्र, काही बाजाराच्या चढणीने आणि काही चालकांच्या निर्णयाने, शेअर्सचा वाटा वाढत वाढत निम्म्याच्या बराच वर गेला. लाभांश एका वर्षी शेकडा सव्वीसपर्यंत मिळाला. मग कोण कशाला विचारतो की आत काय आहे? पुढे बाजार उतरला. १९९८ मध्ये योजनेची स्थिती तपासायला दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, आणि जुलै २००१ मध्ये युनिटांची खरेदी-विक्रीच सहा महिन्यांसाठी थांबवण्यात आली. ज्याला त्या महिन्यांत मुलीच्या लग्नाला पैसे हवे होते, त्याने काय करावे? पैसा त्याचाच होता, पण हाताला लागत नव्हता. आणि आपला पैसा शेअर बाजारात आहे, हे त्या दिवसापर्यंत त्याला माहीतही नव्हते.

तेव्हा पहिले काम वाटे ठरवण्याचे. कोणाचे किती, याला एकच उत्तर नाही. हॅरी मार्कोविट्झ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५२ साली या प्रश्नाचे मोठे गणित मांडले आणि १९९० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पण स्वतःच्या पेन्शनचे पैसे त्याने, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, सरळ अर्धे शेअर्समध्ये आणि अर्धे रोख्यांत ठेवले होते. बाजार चढला आणि आपण बाहेर राहिलो तर हळहळ, पडला आणि आपण पुरते आत असलो तरी हळहळ. म्हणून दोन्ही हळहळी निम्म्या करून टाकल्या! मला तर त्या मोठ्या गणितापेक्षा हा शहाणपणा अधिक पटतो.

आपल्या भागात मात्र आणखी एक गोष्ट पाहावी लागते. एकाच घरातले दोन भाऊ घेऊ. आहेत कल्पनेतलेच, पण असे घर तुमच्या गल्लीतही सापडेल. थोरला विष्णुपुरीच्या शिवारात सोयाबीन आणि हळद करतो. धाकटा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. दोघांनी वाटे सारखेच ठेवावेत का? माझे उत्तर स्वच्छ "नाही" असे आहे.

थोरल्याची जमीन हीच मुळात चढउताराची गुंतवणूक आहे. २०१५ साली पावसाने दगा दिला आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण मोंढ्यात बहुतेकांना त्याच्या बरेच खाली विकावे लागले. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पावसाने उलटे केले आणि उभी पिके पाण्यात गेली. ज्याचा रोजचा धंदाच इतका वरखाली होतो, त्याने शिलकीतला पैसाही वरखाली होणाऱ्या जागी ठेवला, तर एखाद्या वर्षी दोन्ही पाय एकदम घसरतील. मग शेअर्स पडत्या भावात विकायचे, किंवा सावकाराच्या दारात जाऊन जमिनीचे खरेदीखत लिहून द्यायचे. सुरक्षित वाट्याचे खरे मोल इथे आहे. तो व्याजासाठी नसतो, सातबाऱ्यावरचे आपले नाव राखण्यासाठी असतो. म्हणून थोरल्याने शंभरातले सत्तर सुरक्षित ठेवले आणि शेअर्सना व सोन्याला पंधरा-पंधरा दिले, तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही.

धाकट्याला दरमहा पगार आहे. तो पगारच एखाद्या मोठ्या ठेवीच्या व्याजासारखा आहे. त्याने शेअर्सचा वाटा तीस-चाळीस ठेवला तरी चालते. आमच्याकडे पुष्कळदा नेमके उलटे दिसते. गुरुजी सगळी शिल्लक ठेवीत घालून निश्चिंत, आणि शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा हळदीचे पैसे मोबाईलवरून शेअर्समध्ये फिरवतो आहे.

दोघांनाही लागू असा एक नियम आहे. जो पैसा तीन वर्षांच्या आत लागणार हे ठाऊक आहे, मग ते मुलाचे शिक्षण असो, विहीर असो की लग्न असो, तो या वाट्यांत धरायचाच नाही. तो वेगळा काढून ठेवीत ठेवायचा.

आता धाकट्याचा हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या.

समजा २०१९ च्या पाडव्याला त्याच्याजवळ दहा लाख रुपये होते. त्याने पाच लाख ठेवीत, तीन लाख शेअर्सच्या फंडात आणि दोन लाखांची सोन्याची नाणी, असे वाटे केले. म्हणजे पन्नास, तीस, वीस. त्यानंतर त्याने तिकडे पाहिलेच नाही. सहा वर्षांनी, २०२५ च्या पाडव्याला काय दिसले असते? तोळ्याचा, म्हणजे दहा ग्रॅमचा भाव बत्तीस हजारांच्या आसपास होता तो नव्वद हजारांच्या आसपास गेला. सोन्याचे दोन लाख साडेपाच लाख झाले. सेन्सेक्स ३८,८०० वरून ७७,४०० वर गेला. शेअर्सचे तीन लाख ठोकळमानाने सहा लाख झाले. ठेवीचे पाच लाख व्याजासह सव्वासात लाख झाले असे धरू. एकूण पावणेएकोणीस लाख.

घरात आनंदच. पण वाटे पाहा. ठेव पन्नासाची एकोणचाळीसवर आली, शेअर्स तिसाचे बत्तीस झाले, सोने विसाचे एकोणतीस झाले. धाकट्याने कधीही असे ठरवले नव्हते की शंभरातले एकसष्ट रुपये मी चढउताराच्या जागी ठेवीन. तरी ते तिथे जाऊन बसले आहेत. आणि या सहा वर्षांत तो सहा वर्षांनी म्हाताराही झाला आहे. निवृत्ती जवळ आली, मुले कॉलेजात गेली. म्हणजे जोखीम कमी व्हायला हवी होती, ती वाढली.

फेरमांडणी करायची तर पावणेएकोणीस लाखांचे निम्मे, म्हणजे सुमारे नऊ लाख सदतीस हजार, ठेवीत हवेत. तिथे सव्वादोन लाखांना थोडे कमी पडतात. सोने पावणेचार लाखांचे हवे, ते पावणेदोन लाखांनी जास्त आहे. शेअर्स थोडेच जास्त आहेत, त्यांना हात लावायची गरज नाही.

आता केव्हा? रोज मोबाईल उघडून भाव पाहणाऱ्याच्या हातून फेरमांडणी होत नाही, नुसती उलाढाल होते. वर्षातून एक दिवस ठरवावा. माझ्या मते आपल्याकडे पाडव्यासारखा दिवस नाही. सालगड्याचे साल पाडव्याला बदलते, तेव्हा घराचा हिशेब तसाही निघतो. सोयाबीन-तूर विकून झालेली असते, हरभरा घरात आलेला असतो. आणि पाडवा मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, म्हणजे सरकारी आर्थिक वर्षाच्या उंबरठ्यावर. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

त्या दिवशी वाटे मोजावेत. ठरलेल्या आकड्यापासून शंभरात पाचाहून अधिक सरकले असतील तरच हात घालावा. तिसाचे बत्तीस झाले, असू द्या. विसाचे एकोणतीस झाले, तर मात्र उठावे. ही पाचाची मर्यादा म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. कोणी चार धरील, कोणी सहा. पण आधी ठरवून वहीत लिहिलेली असावी. सोने चढते आहे असे पाहून ऐनवेळी जो मर्यादा ठरवतो, तो ती नेहमी आपल्या मोहाला सोयीची ठरवतो.

आणि कशी? विकण्याची घाई करू नका. आधी नवा पैसा वापरा. धाकट्याची वर्षाची बचत दीड लाख आहे असे समजा. ती सगळी ठेवीत घातली की ठेव पावणेनऊ लाख झाली, एकूण सव्वावीस लाख. ठेवीचा वाटा एकोणचाळीसावरून त्रेचाळीसावर आला, सोन्याचा सत्तावीसवर उतरला, आणि एक नाणेही विकले नाही! वर लाखभराची नाणी मोडून ठेवीत घातली, की ठेव अठ्ठेचाळीस आणि सोने बावीस. पुरे झाले. पैशापैशाने जुळवत बसू नये.

विकावे लागलेच तर खर्च आधी विचारून घ्या. शेअर्सचे फंड वर्षाहून अधिक ठेवून विकले, तर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही आणि वरच्या नफ्यावर शेकडा साडेबारा, असा नियम जुलै २०२४ मध्ये आला. पाडव्याचा उपयोग इथे होतो. मोठी विक्री करायची असेल तर अर्धी ३१ मार्चच्या आत आणि अर्धी १ एप्रिलनंतर केली की दोन वर्षांची सवलत मिळते. सोन्याला ही सव्वा लाखाची सूट नाही. दोन वर्षांहून अधिक ठेवलेले सोने विकले तर नफ्यावर साडेबारा टक्के. हे दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, म्हणून त्या त्या वर्षी जाणत्याला विचारावे.

दागिन्यांची गोष्ट वेगळी. ते मोडताना घडणावळ बुडते, घट धरली जाते. आणि मुख्य म्हणजे ते घरातल्या बाईचे स्त्रीधन आहे. पुरुषांनी आपल्या कागदावर ते स्वतःची पुंजी म्हणून मांडावे, हे मला मुळीच मान्य नाही. सोन्याचा वाटा फुगला असेल तर पुढच्या दसऱ्याला नवे सोने घेऊ नका, एवढे तरी हातात असते.

आता या कामातली अवघड बाजू. जो वाटा सध्या चांगला चालला आहे त्यातून काढायचे आणि जो रडतो आहे त्यात घालायचे, असे हे काम आहे. मनाला ते पटत नाही. २०२० चा पाडवा आठवा. २५ मार्चला होता, आणि टाळेबंदीचा तो पहिला दिवस होता. गुढ्या उभ्या राहिल्या, पण रस्ते ओस. जानेवारीत बेचाळीस हजारांना शिवून आलेला सेन्सेक्स दोनच दिवसांपूर्वी सव्वीस हजारांच्या खाली आला होता. आपल्या धाकट्या भावाने त्या दिवशी वही उघडली असती तर शेअर्सचा वाटा तिसावरून बावीसच्या आत आलेला दिसला असता, आणि सोन्याचा सव्वीसवर चढलेला. वही म्हणाली असती, सोने विकून शेअर्स घ्या. सराफा बंद, बँकेबाहेर रांग, जग थांबलेले. कोणाला धीर झाला असता? ठेवीतून थोडे काढून फंडात घालणे तेवढे जमण्यासारखे होते. जानेवारी २०२१ मध्ये सेन्सेक्स पन्नास हजारांना पोहोचला.

पण यावरून पडता बाजार नेहमी वर्षात सावरतो, असे मानू नका. जपानचा शेअर बाजार १९८९ च्या डिसेंबरात ज्या उंचीवर होता, ती ओलांडायला त्याला फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. चौतीस वर्षे! म्हणूनच पडलेल्या वाट्यात घालायचे ते ठरलेल्या रेघेपर्यंतच, वर एक रुपयाही नाही. हेही साफ सांगितले पाहिजे की फेरमांडणीने नफा वाढेलच असे नाही. २०२५ च्या पाडव्याला ज्याने सोने कमी केले, त्याने त्याच एप्रिलमध्ये तोळ्याला लाखाचा भाव पाहिला आणि कपाळावर हात मारला असेल. त्याने काही चूक केली नव्हती. नऊ शेकड्यांचा जास्तीचा धोका त्याने उतरवून ठेवला होता, आणि धोका उतरवण्याची काही किंमत द्यावी लागतेच.

शिक्षकांसाठी थोडे अधिक. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत जे नव्याने आले, त्यांना जुने निवृत्तिवेतन सरसकट राहिले नाही. अंशदायी योजना आली, पुढे राष्ट्रीय पेन्शन योजना आणि तिच्यातले पर्याय आले. या पेन्शन योजनेत वयाप्रमाणे आपोआप फेरमांडणी करणारा एक मार्ग आहे. त्याच्या मध्यम प्रकारात पस्तिशीपर्यंत शंभरातले पन्नास शेअर्समध्ये असतात, पुढे दर वाढदिवसाला दोन कमी होत जातात आणि पंचावन्नाव्या वर्षी दहा उरतात. आपला पैसा कोणत्या मार्गात आहे, हे आपल्या खात्यावर पाहून घ्या आणि घरच्या कागदावर तोही आकडा मांडा. नाहीतर पेन्शनमध्ये शेअर्स, वर फंडात शेअर्स, आणि आपण समजतो की तिसच आहेत.

सुरक्षित वाट्यालाही एकदा चाचपून पाहावे लागते. बँकेतल्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते. दर माणशी, दर बँकेमागे पाच लाखांपर्यंत, तेही व्याज धरून, असे ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी पतसंस्थेत ठेवलेला पैसा वहीत "सुरक्षित" या रकान्यात लिहू नका. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत ज्या बहुराज्य पतसंस्थांची दारे बंद झाली, त्यांच्यापुढे उभ्या राहिलेल्या ठेवीदारांत शेतकरी होते, अंगणवाडीताई होत्या आणि निवृत्त शिक्षकही होते. आणि एकाच बँकेत पाच लाखांच्या वर साचले असेल, तर ते दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात हलवणे हीदेखील फेरमांडणीच आहे.

शेवटी गुरुजींना एक विनंती. सातवी-आठवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना वरचा दहा लाखांचा हिशेब फळ्यावर मांडा. लाख जड वाटले तर शंभर रुपये घ्या: पन्नासाचे साडेबहात्तर, तिसाचे साठ, विसाचे पंचावन्न. कोणता वाटा किती सरकला, हे मुलांना काढू द्या. मग मुलेच घरी जाऊन विचारतील, "बाबा, आपले किती-किती आहेत?" आणि त्या संध्याकाळी पुष्कळ घरांत वही पहिल्यांदा उघडेल.